हातानं हृदय ऐकणाऱ्या डॉक्टरीणबाई : हेलन टॉसिग

अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं की लेकरांच्या छातीला नळी लावून बघतात. कुणाच्या हृदयाला भोक निघतं, आई घाबरते. पण आज त्यावर ऑपरेशन होतं. ८०-९० वर्षांपूर्वी अशा लेकराला घरी नेऊन वाट बघण्यापलीकडं काही नव्हतं. हे बदलण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे.

हेलन टॉसिग यांचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेतल्या केंब्रिज गावी झाला. ११ वर्षांच्या असताना आई क्षयानं गेली. लहानपणी अक्षरं नीट वाचता येत नव्हती, वडिलांनी धीरानं शिकवलं. हार्वर्डचं मेडिकल कॉलेज तेव्हा बाईमाणसाला पदवी देत नव्हतं. मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १९२७ साली त्या डॉक्टर झाल्या. १९३० पासून तिथंच मुलांच्या हृदयाचा दवाखाना सांभाळू लागल्या.

त्यातच ऐकू येणं कमी होत गेलं. हृदयाच्या डॉक्टरला कानच नाहीत म्हटल्यावर दुसरा कुणी खचला असता. बाईंनी लेकराच्या छातीवर हात ठेवून ठोके ओळखायची सवय केली.

त्यांच्याकडं ओठ-नखं निळी पडलेली मुलं येत. चार पावलं चालली की दम लागून उकिडवी बसत. तसं बसलं की फुफ्फुसाकडं जरा जास्त रक्त जातं, म्हणून बरं वाटतं. आजही असा झटका आला की नर्स बाळाचे गुडघे छातीशी दुमडून धरते, ते याचसाठी.

फुफ्फुसाला रक्त कमी पडतं हे बाईंनी हेरलं. शेतात पाणी पोचत नसेल तर दुसरीकडून पाट काढावा, तसा त्यांचा विचार. सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढं त्यांनी तो मांडला. व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकानं प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती रीत बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी १५ महिन्यांच्या मुलीवर पहिलं ऑपरेशन झालं. हाताकडं जाणारी रक्तवाहिनी फुफ्फुसाच्या वाहिनीला जोडली. ती मुलगी काही महिन्यांनी गेली, पण वाट सापडली. पुढं हजारो मुलं या ऑपरेशननं तगली. थॉमस यांचं नाव मात्र कित्येक वर्षं मागंच राहिलं.

बाईंना पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९५९ साल उजाडलं. थॅलिडोमाइड गोळीनं अपंग बाळं जन्मत होती, तेव्हा त्या स्वतः जर्मनीत जाऊन पाहून आल्या आणि अमेरिकेला सावध केलं. २० मे १९८६ रोजी मोटार अपघातात त्यांचं निधन झालं. ८८ वा वाढदिवस चार दिवसांवर होता.

आपल्याकडं बाळाचे ओठ निळे दिसले, दूध पिताना घाम किंवा दम लागला, वजन वाढेना, तर नजर लागली म्हणून बसू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी आणि पुढचा उपचार मोफत आहे.