करमणूककार हरिभाऊ आपटे

पुढच्या अंकाची वाट पाहावयास लावणारी गोष्ट कोणास आवडत नाही? रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाने १८४४ पासून लंडन शहराच्या गुप्त व भयंकर कहाण्या दर आठवड्यास एका पेनीच्या पत्रांतून छापिल्या. प्रतिष्ठित मंडळी अशा वाङ्मयास नाके मुरडीत. सामान्य जन मात्र ते आवडीने वाचीत. ह्याच रेनॉल्ड्सचे बोट धरून मराठीतील एका थोर कादंबरीकाराने आपले पहिले पाऊल टाकिले, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

हरि नारायण आपटे ह्यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी, आपल्या नाशिक जिल्ह्यास लागून असलेल्या खानदेशात, पारोळे गावी झाला. बालपणीच आई वारली. चुलते महादेव चिमणाजी हे मुंबईतील नामांकित वकील; त्यांच्या छत्राखाली हरिभाऊ वाढले. पुण्यास चिपळूणकर, टिळक, आगरकर ह्यांच्या न्यू इंग्लिश स्कुलात ते शिकले. कॉलेजात मात्र गणित आडवे आले आणि पदवी हाती लागली नाही. (गणिताने गांजलेल्या आमच्या मित्रांनी ह्यावरून भलताच बोध घेऊ नये!) पुढे चुलत्यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था हरिभाऊंनी पाहिली. तेथे जुन्या संस्कृत पोथ्यांचे जतन व मुद्रण होत असे.

१८८५ साली ‘पुणेवैभव’ पत्रात त्यांची ‘मधली स्थिति’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिचा सांगाडा रेनॉल्ड्सचा, परंतु आतील माणसे पुण्याची. तोपर्यंत आपल्याकडे ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची चलती होती. हरिभाऊंनी वाचकांस राजवाड्यांतून काढून त्यांच्याच माजघरात आणून बसविले.

१८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढिले. नाव हलकेफुलके, पण पहिल्याच वर्षापासून त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने येऊ लागली. यमू नावाची मुलगी आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते: लहान वयातील लग्न, सासरचा जाच, सुशिक्षित पतीच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि शंकरमामंजींच्या हट्टाने झालेले सक्तीचे केशवपन. सुधारणेवरील रुक्ष निबंध ज्या घरांत कोणी उघडलाही नसता, तेथे यमू गोष्टीच्या वाटेने शिरली. आमच्या मते हरिभाऊंची खरी थोरवी येथेच आहे. पेनीच्या पत्रांनी उत्कंठा वाढविण्याची जी युक्ति शिकविली, तीच त्यांनी ह्या दुःखाच्या कामी लाविली.

ह्या साप्ताहिक धावपळीची किंमतही त्यांस द्यावी लागली. कथानके पाल्हाळिक होत, काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. उलट स्फुट गोष्टींत हा दोष क्वचितच दिसतो. दुष्काळाने गांजलेल्या कुटुंबाची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही गोष्ट आजही अंगावर काटा आणिते. ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’ ह्या त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या तर मुलांच्या परिचयाच्या आहेतच.

१९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९१७ साली ‘करमणूक’ बंद पडले, आणि त्यात चालू असलेली ‘कर्मयोग’ कादंबरी तशीच अर्धवट राहिली. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात हरिभाऊंचे देहावसान झाले.