इंग्लिश खाडी पोहणारी पहिली महिला गाजली, पण तिच्या सोबतच्या बोटीत बसलेले बिल बर्जेस कोण होते?

6 ऑगस्ट 1926. सकाळी सातच्या सुमारास 20 वर्षांची अमेरिकन मुलगी गर्ट्रूड एडर्ली फ्रान्सच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरली. रात्री साडेनऊनंतर ती इंग्लंडमधल्या किंग्जडाऊनच्या किनाऱ्यावर स्वतःच्या पायांवर चालत बाहेर आली. इंग्लिश खाडी पोहून पार करणारी ती जगातली पहिली महिला ठरली.

तिला साधारण साडेचौदा तास लागले. तोपर्यंत फक्त पाच पुरुषांना ही खाडी पार करता आली होती आणि त्यांच्यातल्या सगळ्यात वेगवान माणसापेक्षाही ती जवळपास दोन तास आधी पोहोचली. बायकांना हे जमणारच नाही म्हणणाऱ्यांची तोंडं एका दिवसात बंद झाली. न्यूयॉर्कमध्ये तिच्या स्वागताला लाखो लोक रस्त्यावर उतरले.

त्या दिवशी तिच्या सोबतच्या बोटीत 54 वर्षांचे एक प्रशिक्षक बसले होते. त्यांचं नाव थॉमस विल्यम बर्जेस. सगळे त्यांना बिल म्हणायचे. एडर्लीवर 2024 मध्ये आलेल्या 'यंग वुमन अँड द सी' या सिनेमात त्यांचं पात्र आहे. पण या माणसाची स्वतःची गोष्टही सिनेमापेक्षा कमी नाही.

इंग्लंडचा माणूस, फ्रान्सचं पदक

बर्जेस यांचा जन्म 1872 सालचा, इंग्लंडमधल्या रॉदरहॅमचा. पुढे ते कामधंद्यासाठी पॅरिस भागात स्थायिक झाले. 1900 साली पॅरिसमध्ये ऑलिम्पिक भरलं. तेव्हा पोहण्याच्या आणि वॉटरपोलोच्या स्पर्धा तलावात नाही, तर थेट सीन नदीत झाल्या होत्या. जन्माने इंग्रज असलेल्या बर्जेस यांनी फ्रान्सकडून खेळून वॉटरपोलोचं कांस्यपदक मिळवलं.

पण त्यांच्या डोक्यात वेगळंच खूळ होतं. 1875 साली कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी इंग्लिश खाडी पोहून दाखवली होती. त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली, कितीतरी जण उतरले, पण दुसऱ्या कुणालाच ते जमलं नव्हतं. बर्जेस यांना तो दुसरा माणूस व्हायचं होतं.

34 किलोमीटर, पण सरळ नाहीत

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं सगळ्यात कमी अंतर साधारण 34 किलोमीटर. चांगला पोहणारा हे अंतर कापू शकतो, मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे भरती-ओहोटीची. इथला प्रवाह दर सहा तासांच्या आसपास दिशा बदलतो आणि तो किनाऱ्याला समांतर वाहतो. म्हणजे तुम्ही समोर पोहत असता आणि पाणी तुम्हाला बाजूला ओढत असतं. काही तासांनी तेच पाणी उलट दिशेला ओढायला लागतं. त्यामुळे नकाशावर पोहणाऱ्याचा मार्ग इंग्रजी एस अक्षरासारखा वेडावाकडा दिसतो.

फ्रान्सच्या बाजूला केप ग्री ने नावाचं भूशिर समुद्रात पुढे आलेलं आहे. तिकडे जाताना प्रवाहाने ते टोक चुकवलं, तर पुढे किनारा मागे सरकत जातो आणि दमलेल्या माणसाला आणखी कित्येक तास पोहावं लागतं. किनारा समोर दिसत असताना हार मानायची वेळ येते ती यामुळेच. त्यात पाणी गारठवणारं, लाटा उसळलेल्या आणि जेलीफिशचे चटके वेगळे.

बर्जेस डझनाहून जास्त वेळा या पाण्यात उतरले आणि प्रत्येक वेळी हरले. पण या हरण्यात ते पाणी शिकत गेले.

1911: अखेर जमलं

5 सप्टेंबर 1911 रोजी बर्जेस इंग्लंडच्या साउथ फोरलँडवरून पुन्हा निघाले. वय 39. पोहण्याची पद्धत ब्रेस्टस्ट्रोक. तोंडावर उडणारं पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्यांनी मोटारसायकलवाले वापरतात तसा गॉगल घातला होता. तो गळत होता, पण नसण्यापेक्षा बरा.

रात्र पाण्यात काढून दुसऱ्या दिवशी, 22 तास 35 मिनिटांनी, ते केप ग्री नेजवळ फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. वेब यांच्यानंतर तब्बल 36 वर्षांनी खाडी पार करणारा दुसरा माणूस जगाला मिळाला. तिसरा मिळायला पुढे आणखी 12 वर्षं लागली.

एक मुलगी, दोन प्रशिक्षक

आता येऊ 1925 मध्ये. 1924 च्या ऑलिम्पिकमध्ये एक सुवर्ण आणि दोन कांस्यपदकं मिळवलेली एडर्ली खाडी पोहायला आली. तेव्हा तिचे प्रशिक्षक होते जेबेझ वोल्फ. वोल्फ यांनी स्वतः 22 वेळा खाडी पोहायचा प्रयत्न केला होता आणि एकदाही यश आलं नव्हतं. बायकांना हे जमेल का, अशी शंकाही त्यांनी आधी बोलून दाखवली होती.

18 ऑगस्ट 1925 रोजी एडर्ली कित्येक तास पोहल्यावर वोल्फ यांना वाटलं, ही बुडतेय. त्यांच्या सांगण्यावरून सोबतच्या जलतरणपटूने तिला धरलं. नियम साधा होता. पोहणाऱ्याला कुणी हात लावला की प्रयत्न बाद. एडर्लीचं म्हणणं होतं की ती बुडत नव्हती, फक्त पाण्यावर पडून विसावा घेत होती. एका स्पर्शात सगळी मेहनत वाया गेली.

पुढच्या वर्षी ती परत आली ती प्रशिक्षक बदलून. तिने बर्जेस यांना निवडलं. हरणं काय असतं हे दोघांनाही माहीत होतं, पण खाडी कशी पार होते हे बर्जेस यांनी अंगावर घेऊन पाहिलं होतं. कुठल्या वेळी निघायचं, कुठे प्रवाहाशी झुंजायचं आणि कुठे त्याच्यासोबत वाहत जायचं, हे ज्ञान पुस्तकात मिळणारं नव्हतं.

गॉगलचीही गंमत बघा. एडर्लीनेही मोटारसायकलचाच गॉगल घेतला. पण ती क्रॉल पद्धतीने, तोंड पाण्यात घालून पोहायची. म्हणून गॉगलच्या कडा मेण लावून बंद केल्या, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. 15 वर्षांपूर्वी बर्जेस यांच्या डोळ्यांवर गळणारी वस्तू आता कामाची झाली होती.

हात न लावण्याचा निर्णय

त्या दिवशी दुपारनंतर हवामान बिघडलं. वारा वाढला, पाऊस आला, समुद्र खवळला. एडर्लीला पाण्यात 12 तास होत आले होते. बर्जेस यांना वाटलं, आता थांबायला हवं. त्यांनी तिला बाहेर यायला सांगितलं. तिने उलट विचारलं की बाहेर कशासाठी यायचं, आणि पोहत राहिली.

बर्जेस यांची काळजी अवास्तव नव्हती. हे पाणी दमलेल्या माणसाचं काय करतं, हे बोटीत त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिला काही झालं असतं तर जबाबदारी त्यांच्याच माथी आली असती. पण मागच्या वर्षीचा अनुभव असल्यामुळे एडर्लीने आधीच बजावून ठेवलं होतं की तिने स्वतः मागितल्याशिवाय कुणी तिला बाहेर काढायचं नाही. बोटीत तिचे वडील आणि बहीण मार्गारेटही होते.

यावेळी तिला कुणीही हात लावला नाही. वोल्फ आणि बर्जेस, दोघांनाही भीती वाटली होती. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी शेवटचा शब्द पोहणारीचा राहिला. किंग्जडाऊनच्या किनाऱ्यावर लोकांनी शेकोट्या पेटवल्या होत्या. त्या उजेडाच्या दिशेने ती पोहोचली.

पुढे काय झालं?

पुढच्याच वर्षी, 1927 मध्ये, खाडी पोहणाऱ्यांची नोंद आणि पडताळणी करणारी चॅनल स्विमिंग असोसिएशन स्थापन झाली. पोहणाऱ्याला स्पर्श करायचा नाही, हा नियम आजही कायम आहे. 1959 मध्ये कोलकात्याच्या आरती साहा याच केप ग्री नेवरून निघाल्या आणि खाडी पार करणाऱ्या आशियातल्या पहिल्या महिला ठरल्या.

बिल बर्जेस जुलै 1950 मध्ये फ्रान्समध्ये वारले. तेव्हा एडर्लीचा महिलांमधला विक्रम 24 वर्षांनंतरही अबाधित होता. पुढच्याच महिन्यात, 8 ऑगस्टला, फ्लोरेन्स चॅडविकने 13 तास 20 मिनिटांत खाडी पार करून तो मोडला.