ज्वालामुखींच्या वाटेवरचा शास्त्रज्ञ

सह्याद्रीच्या कड्यांवर चढणाऱ्या गिरिप्रेमीला पायाखालचा काळा कातळ लाव्हारसातून घडला आहे, हे शालेय पुस्तकातूनच ठाऊक झालेले असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र युरोपातील विद्वानांमध्ये याच पाषाणावरून, म्हणजे बेसॉल्टवरून, कडाक्याचे वाद झडत होते. हा खडक आदिम महासागराच्या पाण्यातून गाळाप्रमाणे खाली बसला, असे एक पक्ष मानत असे. तो पृथ्वीच्या पोटातील अग्नीतून जन्मला, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. पहिल्या पक्षाच्या गुरूकडे शिकलेला एक जर्मन तरुण पुढे दक्षिण अमेरिकेत गेला, एकामागून एक ज्वालामुखी पायी चढला, त्यांच्या मुखात डोकावला आणि गुरूचे मत मागे टाकून परतला. अलेक्झांडर फॉन हंबोल्ट हे त्याचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात नेपोलियनच्या खालोखाल ज्याची कीर्ती होती, असे मानले जाते, तो हाच शास्त्रज्ञ.

खाणीतून पर्वताकडे

हंबोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे एका सधन घराण्यात झाला. वडील प्रशियाच्या सैन्यात अधिकारी होते. अलेक्झांडर अवघे नऊ वर्षांचे असताना त्यांचे छत्र हरपले. आई कडक शिस्तीची. दोन्ही मुलांनी सरकारी सेवेत नाव काढावे, एवढीच तिची इच्छा. थोरले बंधू विल्हेल्म पुढे भाषाशास्त्रज्ञ झाले, बर्लिन विद्यापीठाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला आणि भगवद्गीतेवर व्याख्यानेही दिली. धाकट्याचा ओढा मात्र लहानपणापासून झाडे, किडे आणि दगड गोळा करण्याकडे होता. त्यामुळे घरी त्यांना छोटा औषधविक्या म्हणून चिडवले जाई.

कॅप्टन कुकसमवेत पृथ्वीप्रदक्षिणा केलेले गेओर्ग फोर्स्टर यांच्या सहवासात १७९० मध्ये हंबोल्ट यांनी ऱ्हाईन नदीच्या काठाने इंग्लंडपर्यंत प्रवास केला. याच फोर्स्टर यांनी पुढील वर्षी कालिदासाच्या शाकुंतलाचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला. दूरदेशीच्या प्रवासाचे वेड हंबोल्ट यांच्या मनात या सहवासात पक्के रुजले. परंतु आईच्या इच्छेपुढे त्यांनी मान तुकवली. फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात आब्राहाम वेर्नर यांच्या हाताखाली शिक्षण घेऊन ते खाण अधिकारी झाले. बेसॉल्ट पाण्यातून निर्माण झाला, या मताचे वेर्नर हे मुख्य पुरस्कर्ते होते. नोकरीच्या काळात हंबोल्ट यांनी खाणकामगारांसाठी विनाशुल्क शाळा काढली आणि विषारी वायूंत तग धरणारा दिवा व श्वसनाचा मुखवटाही तयार केला.

१७९६ मध्ये आईचे निधन झाले. मोठी वारसा संपत्ती हाती आली. हंबोल्ट यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि उत्तमोत्तम उपकरणांची खरेदी सुरू केली. नेपोलियनच्या युद्धांमुळे प्रवासाचे अनेक बेत फसले. अखेर स्पेनच्या राजाकडून त्याच्या अमेरिकेतील वसाहतींत फिरण्याची परवानगी मिळाली आणि ५ जून १७९९ रोजी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बाँप्लाँ यांच्यासह त्यांनी जहाजात पाऊल ठेवले.

अनवाणी पायांनी

वाटेत जहाज टेनेरिफ बेटावर थांबले तेव्हा हंबोल्ट यांनी ३,७१५ मीटर उंचीच्या तेईदे या ज्वालामुखीचे शिखर गाठले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढताना झाडाझुडपांचे पट्टे बदलत जातात, ही गोष्ट येथे त्यांच्या ध्यानात ठसली.

जुलै १७९९ मध्ये ते आजच्या व्हेनेझुएलातील कुमाना येथे उतरले. त्यांच्या मुक्कामाजवळच गुलामांचा बाजार भरे. माणसांचे दात तपासून चाललेली ती खरेदी पाहून त्यांच्या मनात गुलामगिरीविषयी जो तिटकारा निर्माण झाला, तो आयुष्यभर टिकला. १८०१ च्या ऑक्टोबरमध्ये अँडीज पर्वतातील किंदिओची अवघड खिंड ओलांडण्याची वेळ आली तेव्हा त्याचा प्रत्यय आला. त्या खिंडीतून श्रीमंत प्रवासी हमालांच्या पाठीवर बांधलेल्या खुर्चीत बसून जात. हंबोल्ट आणि बाँप्लाँ यांनी माणसाच्या पाठीवर बसण्यास नकार दिला. उपकरणे बैलांवर लादली गेली आणि हे दोघे चिखलातून चालत निघाले. बांबूच्या कोंभांनी जोडे फाटून गेले, तेव्हा उरलेली वाट त्यांनी अनवाणी तुडवली.

क्विटोच्या अग्निशिखरांवर

जानेवारी १८०२ मध्ये ते क्विटो येथे पोहोचले. पाच वर्षांपूर्वीच, १७९७ मध्ये, या प्रदेशात प्रलयंकारी भूकंप होऊन हजारो माणसे दगावली होती. शहराभोवती ज्वालामुखींची दुतर्फा रांगच उभी होती. हंबोल्ट यांनी सहा महिन्यांच्या मुक्कामात एकेका शिखराचा क्रम लावला.

शहराच्या डोक्यावरच असलेल्या पिचिंचावर ते तीन वेळा गेले. एका चढाईत ते आणि त्यांचा स्थानिक वाटाड्या ज्याला घट्ट जमीन समजून चालत होते, तो खोल विवरावर तयार झालेला बर्फाचा पूल निघाला. दोघे थोडक्यात बचावले. त्यानंतर दोनच दिवसांनी हंबोल्ट पुन्हा तेथे गेले. विवराच्या काठावर त्यांनी अर्ध्या तासाच्या सुमारास भूकंपाचे पंधरा धक्के मोजले. खाली शहरातही जमीन हादरली आणि या परदेशी पाखंड्यांनी डोंगरात बंदुकीची दारू टाकली, अशी अफवा पसरली. ५,८९७ मीटर उंचीच्या कोतोपाक्सीने मात्र दाद दिली नाही. त्याच्या मुखापर्यंत जाण्याचा प्रयत्न सोडून द्यावा लागला.

चिंबोराझो : २३ जून १८०२

चिंबोराझो हा विझलेला, हिमाच्छादित ज्वालामुखी त्या काळी जगातील सर्वोच्च पर्वत समजला जाई. आधुनिक मोजणीनुसार त्याची उंची ६,२६३ मीटर आहे. २३ जून १८०२ रोजी हंबोल्ट, बाँप्लाँ आणि क्विटोच्या एका उमराव घराण्यातील तरुण कार्लोस मोंतुफार यांनी त्याची चढण सुरू केली. आजच्या गिर्यारोहकाजवळ असणारी एकही सामग्री त्यांच्याकडे नव्हती. बर्फावर पकड घेणारे खिळे नव्हते, प्राणवायूची नळकांडी नव्हती, अंगावर साधेच कपडे होते. उंचीवर हवा विरळ होते हे ठाऊक होते. पण एवढ्या उंचीवर मानवी शरीराचे काय होते, याचा अनुभव कोणालाच नव्हता.

सोबत हमाल होते. हिमरेषेजवळ पोहोचताच एकजण सोडून बाकी सर्व माघारी फिरले. डोंगराचा आणि आपल्या देहाचा अंदाज त्यांना या परदेशी पाहुण्यांपेक्षा अधिक होता, असेच म्हटले पाहिजे. उरलेले चौघे एका अरुंद धारेवरून पुढे सरकले. काही ठिकाणी ही धार वीतभर रुंदीचीच होती. एका अंगाला काचेसारखा गुळगुळीत झालेला बर्फाचा उतार, तर दुसऱ्या अंगाला खडकांनी भरलेली खोल दरी. दाट धुके उतरले होते. दोन्ही हात टेकून रांगावे लागे आणि तळहात अणकुचीदार दगडांनी रक्ताळून निघत.

या अवस्थेतही मोजमाप सुरूच होते. पाऱ्याचा वायुभारमापक म्हणजे काचेची लांब, नाजूक नळी. ती सांभाळत एवढ्या उंचीवर नेणे हेच मोठे दिव्य होते. हवेचा दाब जसजसा कमी होतो तसतसा नळीतील पारा खाली येतो आणि त्यावरून उंचीचे गणित मांडता येते. दगडांना चिकटून राहिलेली अखेरची दगडफुलेही त्यांनी टिपून ठेवली. एव्हाना सर्वांना मळमळत होते, भोवळ येत होती. डोळे तांबारले होते, ओठांतून व हिरड्यांतून रक्त येत होते. आज ज्याला विरळ हवेचा विकार म्हणतात, त्याची लक्षणे हंबोल्ट यांनी स्वतःच्या शरीरावरच नोंदवली.

आणि अचानक धुके थोडे विरळ झाले. समोर शिखर दिसले. परंतु त्याच्या आणि त्यांच्या मध्ये एक प्रचंड भेग आडवी पडली होती. बाजूने जायला वाट नव्हती, भुसभुशीत बर्फावर भरवसा ठेवता येत नव्हता. हंबोल्ट यांनी शेवटचे मोजमाप घेतले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे ते ५,८०० मीटरहून अधिक उंचीवर होते. नेमक्या आकड्याविषयी पुढे मतभेद झाले असले, तरी शास्त्रीय नोंद ठेवून इतक्या उंचीवर त्यापूर्वी कोणी गेल्याचे ज्ञात नव्हते. उतरताना गारांनी आणि मग हिमवर्षावाने त्यांना गाठले. या पर्वताचे शिखर पुढे ७८ वर्षांनी, जानेवारी १८८० मध्ये, एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाने सर केले.

अपुऱ्या चढाईचे पूर्ण फळ

शिखर हुकले, पण त्या पर्वताने हंबोल्ट यांना आयुष्याचा विचार दिला. पायथ्याशी उष्ण प्रदेशातील ताडाची झाडे, त्यावर ओक वृक्ष, मग झुडपे, गवत, दगडफुले आणि अखेर बर्फ. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचा प्रवास जणू एकाच उतारावर उभा मांडलेला. १८०३ च्या प्रारंभी त्यांनी चिंबोराझोच्या छेदाचे एक चित्र आखले. त्यात प्रत्येक वनस्पतीचे नाव तिच्या उंचीच्या जागी लिहिले आणि दोन्ही कडांना त्या त्या उंचीवरील तापमान, हवेचा दाब, एवढेच काय, आकाशाच्या निळेपणाचेही आकडे दिले. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे चित्र वनस्पती-भूगोल या शास्त्राचा पाया मानले जाते. हवा, माती, उंची आणि सजीव यांचा परस्परांशी घट्ट संबंध आहे, हा विचार एका दृष्टिक्षेपात समजावा, अशी त्याची रचना होती.

मेक्सिकोत त्यांनी होरुयो हा ज्वालामुखी पाहिला. १७५९ मध्ये शेतजमिनीतून अचानक वर आलेल्या या डोंगराच्या विवरात ते स्वतः उतरले. युरोपात परतल्यावर ऑगस्ट १८०५ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेकही त्यांनी पाहिला. ज्वालामुखी हे सुटेसुटे अपघात नसून भूपृष्ठातील खोल भेगांवर ओळीने उभे असतात, असा निष्कर्ष त्यांनी १८२३ मध्ये मांडला. बेसॉल्टच्या वादात वेर्नर यांचा पक्ष मागे पडण्यास या शिष्याची साक्ष मोठी कारणीभूत ठरली.

न गवसलेला हिमालय

अँडीजनंतर हंबोल्ट यांना ध्यास लागला तो हिमालयाचा. ब्रिटिश भूमापकांच्या नोंदींवरून हिमालयाची शिखरे चिंबोराझोपेक्षा उंच असल्याचे तोवर कळू लागले होते. दोन्ही पर्वतांची तुलना केल्याशिवाय आपले काम पुरे होणार नाही, असे त्यांना वाटे. त्यासाठी १८१४ पासून त्यांनी लंडनच्या फेऱ्या केल्या, मोठमोठ्या लोकांच्या भेटी घेतल्या. परंतु ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परवाना दिला नाही. स्पॅनिश वसाहतींतील जुलमावर त्यांनी परखड लिहिले होते. असा लेखक हिंदुस्थानात फिरू देणे कंपनीला परवडणारे नव्हते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पॅरिसमध्ये बसून त्यांनी इतरांच्या आकड्यांवरून हिमालयाच्या हिमरेषेवर लेख लिहिले, एवढेच त्यांच्या हाती राहिले.

वयाच्या साठाव्या वर्षी, १८२९ मध्ये, रशियाच्या निमंत्रणावरून ते उरल आणि अल्ताई पर्वत पाहून चीनच्या सीमेपर्यंत जाऊन आले. हिमालय तेथून दक्षिणेला बराच दूर होता. अखेर त्यांच्या शिफारशीवरून श्लागिंटव्हाइट बंधूंची हिंदुस्थानात नेमणूक झाली. हे तिघे जर्मन बंधू १८५४ मध्ये मुंबईत उतरले आणि दख्खनमार्गे मद्रासकडे गेले. १८५५ मध्ये त्यांपैकी आडोल्फ आणि रॉबर्ट यांनी कामेतजवळच्या अबी गमिनवर सुमारे ६,७८५ मीटर उंची गाठली. गुरूला जे जमले नाही ते शिष्यांनी साधले, पण त्याची किंमतही मोजली. आडोल्फ यांची १८५७ मध्ये काशगर येथे हत्या झाली.

अखेरची वर्षे

प्रवास आणि ग्रंथप्रकाशन यांत हंबोल्ट यांची सारी संपत्ती खर्ची पडली. उतारवयात त्यांना प्रशियाच्या दरबारातील मानधनावर राहावे लागले. लेखणी मात्र थांबली नाही. सृष्टीचे समग्र वर्णन करणाऱ्या कॉसमॉस या ग्रंथाचा पहिला खंड १८४५ मध्ये, म्हणजे त्यांच्या वयाच्या पंचाहत्तरीनंतर, प्रसिद्ध झाला. क्युबावरील त्यांच्या पुस्तकाच्या अमेरिकी अनुवादातून गुलामगिरीवरील प्रकरण गाळले गेले, तेव्हा ऐंशी पार केलेल्या या वृद्धाने जाहीर निषेध नोंदवला. ६ मे १८५९ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी बर्लिन येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची प्रवासवर्णने वाचून सागरसफरीला निघालेल्या चार्ल्स डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला.

चिंबोराझोचे ते चित्र आजही कामास येते. २०१२ मध्ये संशोधकांनी त्याच उतारावर पुन्हा वनस्पतींची नोंद केली. दोन शतकांत वनस्पतींचे पट्टे सरासरी पाचशे मीटरहून अधिक वर सरकले, असे त्यांनी २०१५ मध्ये जाहीर केले. २०१९ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी हंबोल्ट यांची मूळ टिपणे तपासली. चित्रातील बरीच माहिती शेजारच्या अँतिसाना पर्वतावरील असल्याचे दाखवून त्यांनी हा आकडा सुमारे निम्म्यावर आणला. पृथ्वी तापते आहे आणि झाडे थंडाव्याच्या शोधात डोंगर चढत आहेत, याविषयी मात्र दोन्ही गटांत दुमत नाही. रक्ताळलेल्या हातांनी टिपलेल्या त्या आकड्यांवरून तापत्या पृथ्वीचा हिशेब मांडला जातो आहे, हीच हंबोल्ट यांच्या पायपिटीची खरी मिळकत होय.