‘ळ’चा पत्ता

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ‘ळ’ या अक्षरावाचून कुणाचे पान हलत नाही. तळोदा, तोरणमाळ ही गावे घ्या, नाही तर घरोघरचे वळवी हे आडनाव घ्या. बँकेत संगणक आले तेव्हा या ‘ळ’नेच मला घाम फोडला होता. यंत्रात नावे फक्त इंग्रजीत घालायची. एकाच वळवी कुटुंबातल्या बापाच्या पासबुकावर एक स्पेलिंग आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरे. यंत्राच्या लेखी ही दोन भिन्न घराणी! शिष्यवृत्तीच्या पैशांसाठी तो पोरगा धडगावकडून तीन खेपा घालून गेला. मी मराठीत कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण माझ्या टेबलावरच्या यंत्रात मला एक ‘ळ’ उमटवता येत नव्हता.

त्याच काळात मुंबईत एक माणूस नेमका हाच पेच सोडवत बसला होता, हे मला फार उशिरा कळले. त्यांचे नाव र. कृ. जोशी. पूर्ण नाव रघुनाथ कृष्ण जोशी.

जन्म १९३६चा. जे. जे.मध्ये कलेचे शिक्षण घेऊन ते जाहिरातीच्या धंद्यात शिरले आणि ‘उल्का’ या संस्थेत दोन दशके रमले. पगार उत्तम होता, नावही झाले होते. पण खरा जीव अडकला होता अक्षरात. मराठीत ते कविता करत आणि तीही अशी, की शब्दांचा अर्थ अक्षरांच्या आकारातूनच डोळ्यांना दिसावा. सगळ्या भारतीय भाषांना एकच लिपी असावी म्हणून ‘देशनागरी’ नावाची लिपीही त्यांनी रचून पाहिली. लोकांनी ती उचलली नाही. पण भाषा वेगळ्या असल्या तरी अक्षरांचे गोत्र एक आहे, ही त्यांची खूणगाठ पक्की राहिली.

१९८३मध्ये जाहिरातीचे जग सोडून ते पवईच्या आय. आय. टी.त औद्योगिक आरेखन केंद्रात प्राध्यापक झाले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, बस्तान बसलेले असताना, खडू हातात घेणे सोपे नसते. तिथे एका हातात टाक आणि दुसऱ्या हातात संगणक अशी त्यांची शिकवणी चाले. आधी हाताने वळण गिरवा, मग यंत्राकडे जा, हा क्रम. ‘विन्यास’ या अक्षररचनेच्या संगणकप्रणालीच्या कामातही ते होते. अक्षराचा सांगाडा आणि त्यावरून फिरणाऱ्या टाकाची जाडी या दोन्ही गोष्टी यंत्राला समजावून देण्याचा तो खटाटोप होता.

१९९६पर्यंत त्यांनी शिकवले. पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या संस्थेत, त्यांनी आयुष्यातले सर्वांत अबोल काम केले. तोवर प्रत्येक मराठी फॉन्टची भाषा निराळी असे. नंदुरबारला टंकलेले पत्र नाशकाच्या यंत्रावर उघडले, की चौकोन आणि फुल्या दिसायच्या. यावर उपाय होता युनिकोड, म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा पत्ता. आपल्या ‘ळ’चा पत्ता ०९३३. पण नुसत्या पत्त्याने काय होते? घर बांधावे लागते. जोडाक्षर आले की अर्धे अक्षर कुठे जाईल, रफार कुठे चढेल, वेलांटी किती लांब जाईल, हे सारे ठरवावे लागते. ते घर म्हणजे ‘मंगल’ हा फॉन्ट. मायक्रोसॉफ्टसाठी जोशींनी तो रेखला आणि विंडोज २०००पासून तो यंत्रासोबतच येऊ लागला. तमिळ, गुजराती, कन्नड, तेलुगू अशा इतर लिप्यांनाही त्यांचा हात लागला.

‘मंगल’ दिसायला देखणा नाही, अशी कुरबुर मीही केली आहे. भिंतभर अक्षरे नाचवणाऱ्या माणसाने इतके साधे, सरळ वळण का काढावे? पुढे उमगले. त्या वेळच्या पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला मोजकेच ठिपके येत. तेवढ्यात वाचता येईल तेच अक्षर उपयोगाचे. स्वतःचा हात लपवून त्यांनी लोकांच्या कामाचे अक्षर दिले. एका कलावंताला यापेक्षा मोठा त्याग कोणता?

५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. 

त्यानंतर अडीच वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या कागदावर इंग्रजीसोबत मराठीतही नाव छापून येऊ लागले. पुढे एका वळवी आडनावाच्या खातेदाराने आपला कागद माझ्यासमोर ठेवला, तेव्हा मी आधी क्रमांक पाहिला नाही. ‘ळ’ पाहिला. तो आपल्या जागेवर, आपल्या पत्त्यावर होता. धडगावकडचा तो पोरगा आठवला, आणि ज्यांना मी कधी भेटलो नाही त्या जोशीसरांना मनातल्या मनात नमस्कार केला.