डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव : एका संशोधकाची वाटचाल

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार स्त्री-पुरुषांची चरित्रे छापावीत, हा शिरस्ता जुना आहे आणि योग्यही आहे. यंदा मात्र आम्ही तो बाजूस ठेवून एका अशा पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, की जो आपल्या ज्ञातीचा नव्हता, आणि महाराष्ट्रातलाही नव्हता. याचे कारण सांगणे अवश्य आहे.

आपल्या कित्येक कुटुंबांतील मुलेमुली आज वैद्यकाशी निगडित शास्त्रांत संशोधन करीत आहेत. कोणी पुण्यामुंबईस, कोणी बंगलोरास, तर कोणी सातासमुद्रांपलीकडे आहेत. त्यांचे आईवडील समारंभांत भेटले म्हणजे थोड्या संकोचाने एकच गाऱ्हाणे सांगतात. मुलगा तिशी ओलांडून गेला, पीएच्. डी. झाली, तरी अजून कोणाच्या तरी हाताखाली दोन दोन वर्षांच्या बोलीवर काम करतो. याचे शिक्षण संपणार कधी, आणि संसार मांडणार कधी? बरोबरीची मुले घरे बांधून मोकळी झाली, हेही त्यांच्या मनात असते. या प्रश्नास तयार उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु हीच वाट सुमारे शंभर वर्षांपूर्वी चाललेल्या एका माणसाचे आयुष्य आम्हांस ठाऊक आहे. ते सांगितल्याने मार्ग सोपा होणार नाही. पण ओळखीचा खास होईल.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी गोदावरीच्या मुलखात भीमवरम येथे झाला. घरची स्थिती बेताची होती, आणि बालपणी त्यांचे अभ्यासात फारसे लक्ष नव्हते. काशीस जाऊन यात्रेकरूंना केळी विकावीत आणि श्रीमंत व्हावे, अशा बेताने ते घरातून पळाले होते, अशी हकीकत सांगतात. मातुःश्री वेंकम्मा यांनी मात्र मुलाच्या शिक्षणाचा ध्यास सोडला नाही. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. ज्यांच्या घरी एखादा मुलगा एका अपयशाने खचून बसला असेल, त्यांनी हा तपशील नीट ध्यानात ठेवावा.

पुढे रामकृष्ण मिशनमध्ये शिरून संन्यास घ्यावा, असे त्यांच्या मनाने घेतले. आईने संमती दिली नाही. सेवाच करावयाची तर वैद्यकाच्या द्वाराने करावी, असा विचार पुढे आला आणि सुब्बाराव मद्रासच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाले. तो काळ असहकाराच्या वाऱ्याचा. खादीचा पोशाख अंगावर घालून ते शस्त्रक्रियेच्या वर्गास जाऊ लागले. ही गोष्ट इंग्रज अध्यापकांना रुचली नाही, आणि त्याचे फळ असे मिळाले की एम्. बी. बी. एस्. या पूर्ण पदवीऐवजी एल्. एम्. एस्. या कमी दर्जाच्या पदवीवर त्यांची बोळवण झाली. सरकारी वैद्यक खात्याचे दार बंद झाले, तेव्हा त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविण्याचे काम पत्करले.

या सुमारास घरावर मोठाच घाला पडला. संग्रहणीच्या व्याधीने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावले. वैद्यकी शिकलेला भाऊ घरात असून त्याला काही करता आले नाही, कारण या रोगाचे औषध तेव्हा कोणापाशीच नव्हते. हे शल्य त्यांच्या मनात कायमचे राहिले.

१९१९ साली त्यांचा विवाह शेषगिरी यांच्याशी झाला. सासऱ्यांच्या साह्याने व एका धर्मादाय निधीच्या आधाराने त्यांनी अमेरिकेची वाट धरली. दोनचार वर्षांत विद्या संपादून परत यावयाचे, असे ठरले होते. ते परत कधीच आले नाहीत. मागाहून त्यांना एक पुत्र झाला. परंतु पित्याने त्याचे मुख पाहण्यापूर्वीच ते बालक वारले. शेषगिरीबाईंच्या वाट्यास आयुष्यभराची प्रतीक्षा आली. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा गोष्टी एका ओळीत उरकण्याची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. संशोधकाच्या यशाची किंमत पुष्कळदा घरातील माणसे भरतात, आणि ती कोणत्याही जमाखर्चात लिहिली जात नाही.

बोस्टनला पोचल्यावर हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत त्यांनी पदविका घेतली. हाती पैसा नव्हता, म्हणून तेथील रुग्णालयात रात्रपाळीस राहून रुग्णांची मलमूत्राची भांडी धुण्याचे काम त्यांनी केले. दिवसा विद्यार्थी, रात्री हमाल, असा हा क्रम होता. त्यानंतर जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली ते संशोधन करू लागले.

येथे त्यांच्या कर्तृत्वाचा खरा आरंभ होतो. रक्तात वा मूत्रात फॉस्फरस किती आहे, हे अचूक मोजण्याची सोपी रीत तोवर नव्हती. फिस्के व सुब्बाराव यांनी १९२५ साली अशी रीत प्रसिद्ध केली. द्रवात ठराविक रसायने घातली की निळा रंग चढतो, आणि रंगाच्या गडदपणावरून फॉस्फरसचे प्रमाण कळते. या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांनी गिरविली. परंतु स्नायूंच्या अर्कावर ती वापरताना एक विचित्र गोष्ट आढळली. रंग भराभर चढावयास हवा, तो सावकाश चढू लागला. दुसऱ्या कोणी रसायन बिघडले असे म्हणून तो अर्क ओतून दिला असता. या दोघांनी विलंबाचे कारण शोधले, आणि १९२७ साली फॉस्फोक्रिएटिन हा स्नायूतील शक्तीचा साठा जगापुढे आला. १९२९ साली त्यांनी आज ए. टी. पी. या नावाने शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेले द्रव्य स्नायूतून वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही तेच द्रव्य स्वतंत्रपणे शोधले होते. स्नायूंच्या हालचालीचे मूळ लॅक्टिक अ‍ॅसिडात आहे, ही त्या काळची समजूत या शोधांनी डळमळीत झाली.

एवढे झाल्यावर १९३० साली त्यांना पीएच्. डी. मिळाली. वाचकांस वाटेल, आता प्राध्यापकाची खुर्ची चालत आली असेल. तसे घडले नाही. पुढची दहा वर्षे ते हार्वर्डमध्येच राहिले, शिकविले, यकृतातील औषधी द्रव्यांचा शोध घेतला. परंतु कायम अध्यापकपद त्यांना मिळाले नाही. त्यांनी वेगळी केलेली काही द्रव्ये त्या वेळी प्रकाशात येऊ शकली नाहीत व पुढे ती इतरांना नव्याने शोधावी लागली, आणि याचे कारण फिस्के यांचा मत्सर असावा, असे मत त्याच प्रयोगशाळेत शिकलेले व १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळविलेले जॉर्ज हिचिंग्ज यांनी नोंदविले आहे. गुरूने वाट दाखवावी व गुरूनेच ती अडवावी, हे दोन्ही विद्येच्या क्षेत्रात घडते. म्हणून मार्गदर्शक निवडताना त्याची कीर्ती जितकी पाहावी, तितकीच त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांची पुढे काय गत झाली हेही पाहावे. लेखावर कोणाचे नाव कोठे जाणार, हे कामाच्या आरंभी नम्रपणे विचारून घ्यावे. यात उद्धटपणा नाही.

१९४० साली सुब्बाराव यांनी हार्वर्ड सोडले व न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ले या औषधी कंपनीच्या प्रयोगशाळेत ते संशोधनाचे सहसंचालक झाले. लवकरच संचालकपदही त्यांच्याकडे आले. विद्यापीठ सोडून कारखान्यात जाणे म्हणजे सरस्वतीचे मंदिर सोडून बाजारात बसणे, अशी समजूत आपल्याकडे अजूनही आहे. तिचा फोलपणा पुढील आठ वर्षांच्या हकीकतीवरून दिसावा.

पहिली गोष्ट फॉलिक अ‍ॅसिडची. हिच्याशी आपल्या मुंबईचाही संबंध आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषीने १९२८ नंतर मुंबईत येऊन गरोदर स्त्रियांच्या घातक रक्तक्षयाचा अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे १९३१ साली दाखविले. अर्कातील ते गुणकारी द्रव्य कोणते, हे मात्र तेव्हा कळले नव्हते. ते फॉलिक अ‍ॅसिड होते, आणि १९४५ साली सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतील मंडळींनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. थोड्याच काळात ते संग्रहणीवरही गुणकारी ठरले. ज्या रोगाने दोन भाऊ ओढून नेले, त्याचे औषध अशा रीतीने सुमारे पाव शतकानंतर त्यांच्याच देखरेखीखाली सिद्ध झाले. आपल्या घरांतील गरोदर लेकीसुनांना वैद्य ज्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात, त्यांच्यामागे एवढा इतिहास आहे.

दुसरी गोष्ट तिच्यातूनच निघाली. फॉलिक अ‍ॅसिडसारखे दिसणारे, परंतु त्याचे कार्य अडवून धरणारे द्रव्य बनविले तर बेफाम वाढणाऱ्या पेशींची उपासमार होईल, असा विचार पुढे आला. अशी द्रव्ये लेडर्लेत तयार झाली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना दिले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार १६ पैकी १० मुलांना काही काळ उतार पडला. तो टिकला नाही, हे खरे. पण या रोगावर औषध चालू शकते हे प्रथमच सिद्ध झाले. याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध कर्करोगावर व संधिवातावर अजूनही वापरात आहे.

तिसरी गोष्ट हत्तीरोगाची. या रोगावरील हेट्राझान हे औषध १९४७ साली त्यांच्या मंडळींनी पुढे आणले. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील आमच्या वाचकांनी आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून डी. ई. सी. नावाच्या गोळ्या घेतल्या असतील. त्या याच औषधाच्या होत.

आणि चौथी गोष्ट ऑरिओमायसिनची. विद्यापीठातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डग्गर यांना लेडर्लेत काम मिळाले. मातीच्या नमुन्यांतून या वृद्ध गृहस्थांनी टेट्रासायक्लिन कुळातील पहिले प्रतिजैविक शोधून काढले; ते १९४८ साली जगापुढे आले. स्वतः अनेक दारांबाहेर तिष्ठत राहिलेल्या सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचे दार दुसऱ्याचे वय पाहून बंद झाले नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

ऑगस्ट १९४८ मध्ये सुब्बाराव झोपेतच हृदयक्रिया बंद पडून वारले. वय अवघे ५३ वर्षांचे होते. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी घेतले नाही. आपल्या हाताखालील मंडळींच्या लेखांवर स्वतःचे नाव घालण्याचा सोस त्यांना नव्हता. त्यामुळे मोठे शोध लागले, तरी त्यांचे नाव मागे राहिले. एका बुरशीच्या प्रजातीस त्यांचे नाव देण्यात आले, आणि १९९५ साली भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपालतिकीट काढले. बाकी लोकांना औषधे ठाऊक आहेत, माणूस ठाऊक नाही.

या चरित्रातून आम्ही आपल्या तरुण संशोधकांना एवढेच सांगू इच्छितो, की हाताने करावयाची एखादी रीत इतकी पक्की शिका की जग ती तुमच्याकडून शिकेल. प्रयोग फसला असे वाटेल तेव्हा तो टाकण्यापूर्वी क्षणभर थांबा. प्राध्यापकपद न मिळाल्यास विद्या वाया गेली असे मानू नका. कारखाना, रुग्णालय, सरकारी खाते, शिक्षण ही सारी तिचीच शेते आहेत. अशा कामांची माहिती शेवटच्या वर्षी नव्हे, तर आरंभापासून करून घ्या. आणि घरी पत्र, फोन, जे साधेल ते करीत जा. नम्रता असावी, परंतु आपल्या कामाची नोंद आपल्याच नावाने राहील एवढी दक्षताही असावी. सुब्बाराव यांचे सारेच अनुकरणीय होते असे आम्ही म्हणत नाही.

वडीलधाऱ्या मंडळींना आमची विनंती निराळी आहे. संशोधकाचे वय शेजारच्या मुलाच्या पगाराने मोजू नका. या काळात त्याला उपदेशापेक्षा थोडा पैशाचा आधार आणि पुष्कळ धीर हवा असतो. ज्ञातीतील जे कोणी या मार्गाने पुढे गेले आहेत, त्यांनी मागून येणाऱ्या दोन मुलांची चौकशी आपण होऊन करावी. सुब्बाराव यांना सासऱ्यांचा आणि एका धर्मादाय निधीचा आधार मिळाला, म्हणून ते बोटीत पाऊल ठेवू शकले. असा निधी आणि असे आप्त होण्याची संधी आपणा सर्वांना आहे.

गोदावरीकाठच्या या विद्यातपस्व्यास आणि त्याची वाट पाहत राहिलेल्या शेषगिरीबाईंस, दोघांसही आमचे विनम्र अभिवादन.