‘पुंडलिक’चे तुकडे जोडणारे तोरणे

कोकणातून मुंबईत आलेल्या रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे (१८९०-१९६०) यांनी ‘पुंडलिक’ हे नाटक पडद्यावर आणायचे ठरविले. कॅमेरा एकाच जागी रोवून सारे नाटक टिपणे त्यांना रुचेना. त्यांनी ते तुकड्यातुकड्यांनी चित्रित करून मागाहून जोडले. आज अनेक कॅमेऱ्यांची दृश्ये संगणकावर जुळविणारा संकलक मुळात हेच करतो. १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘पुंडलिक’ झळकला. फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पुढल्या वर्षीचा. तरीही पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान तोरणे यांना सहसा दिला जात नाही. छायाचित्रकार इंग्रज, फिल्मवरील प्रक्रिया लंडनमध्ये आणि विषय नाटकाचा, हे आक्षेप. पण जोडकाम केलेल्या कृतीला नुसते नाटकाचे चित्रण ठरविणे अन्यायाचेच. पुढे तोरणे यांनी पुण्यात सरस्वती सिनेटोन उभारली. ‘श्यामसुंदर’ (१९३२) हा बोलपट तिथलाच.