आनंदाने रोम जिंकणारा प्रेषित : संत फिलिप नेरी

संत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एक गंभीर मूर्ती उभी राहते. नजर आकाशाकडे, हात जोडलेले आणि चेहऱ्यावर हास्याची पुसटशीही रेषा नाही. ख्रिस्तमंदिरातील पुतळ्यांनी आणि घरातील तसबिरींनी ही प्रतिमा आपल्या मनात घट्ट रुजवली आहे. त्यामुळे भाविक असणे म्हणजे गंभीर असणे, असा समज आपण नकळत करून घेतो. ख्रिस्तसभा २६ मे रोजी ज्यांचा सण साजरा करते, त्या संत फिलिप नेरी यांचे चरित्र वाचताना मात्र हा समज गळून पडतो. त्यांनी सैन्य उभारले नाही, मोठे ग्रंथ लिहिले नाहीत, दूर देशी प्रवासही केला नाही. साठ वर्षे एकाच शहरात राहून ते आपली श्रद्धा आनंदाने जगले, आणि त्या आनंदाने एक मरगळलेले शहर पुन्हा प्रभूकडे वळले. म्हणूनच संत पेत्र व संत पौल यांच्यानंतर रोमचा प्रेषित हे बिरुद त्यांच्या वाट्याला आले.

फ्लॉरेन्सचा गुणी मुलगा

फिलिप यांचा जन्म २१ जुलै १५१५ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. त्यांचे वडील फ्रान्सिस्को नेरी हे नोटरी होते. आई लहानपणीच देवाघरी गेली. परंतु सावत्र आईने या मुलाला पोटच्या लेकरासारखी माया दिली. शेजारीपाजारी त्यांना लाडाने गुणी पिप्पो म्हणत. सान मार्को येथील डॉमिनिकन मठात त्यांच्या भक्तीला वळण मिळाले आणि त्या धर्मगुरूंचे ऋण ते अखेरपर्यंत कृतज्ञतेने मान्य करीत राहिले.

वयाच्या अठराव्या वर्षी वडिलांनी त्यांना मोन्ते कासिनोच्या पायथ्याशी असलेल्या सान जेर्मानो या गावी एका व्यापारी नातलगाकडे पाठविले. व्यापार शिकावा आणि पुढे त्या संपत्तीचा वारस व्हावे, अशी योजना होती. फिलिप यांचे मन मात्र हिशेबाच्या वह्यांत रमले नाही. जवळच्या डोंगरावरील एका लहान प्रार्थनामंदिरात जाऊन ते तासन् तास प्रार्थना करीत. अखेरीस वारसाहक्कावर पाणी सोडून रिकाम्या हाताने त्यांनी रोमची वाट धरली.

रस्त्यावरचा प्रापंचिक प्रेषित

ते रोम आजचे रोम नव्हते. १५२७ साली सम्राटाच्या सैन्याने हे शहर निर्दयपणे लुटले होते. भिंती पुन्हा उभ्या राहत होत्या. पण श्रद्धेची पडझड तशीच होती. अनेक धर्माधिकारी ऐषारामात गुंतलेले, सामान्य माणूस साक्रामेंतांपासून दुरावलेला आणि उत्तरेकडे ख्रिस्तसभेत उभी फूट पडलेली. ख्रिस्तसभेच्या सुधारणेसाठी ट्रेंट येथील धर्मसभा १५४५ साली सुरू व्हायची होती. फिलिप यांनी मात्र कोणाची वाट पाहिली नाही.

गालेओत्तो काच्चा या फ्लॉरेन्सच्या गृहस्थांच्या घरी एका लहानशा खोलीत राहून ते त्यांच्या दोन मुलांना शिकवीत. अन्न अगदी साधे असे : भाकर, पाणी आणि थोडी ऑलिव्हची फळे. काही काळ त्यांनी तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा अभ्यास केला. पुढे पुस्तके विकून ते पैसे त्यांनी गरिबांना दिले आणि सेवेत उडी घेतली. इस्पितळांत जाऊन ते रुग्णांची शुश्रूषा करीत. दुकानांपाशी, पेढ्यांपाशी, चौकाचौकांत उभे राहून तरुणांशी गप्पा मारीत, थट्टामस्करी करीत, आणि बोलता बोलता चांगल्या कामाला सुरुवात केव्हा करायची, असे हळूच विचारीत. गप्पा संपत तेव्हा काही तरुण त्यांच्या मागोमाग इस्पितळाच्या दिशेने निघालेले असत.

दिवस असा लोकांत जाई आणि रात्र एकांतात. रोमच्या सात प्रमुख ख्रिस्तमंदिरांची ते पायी यात्रा करीत व संत सेबास्तियन यांच्या नावाच्या भूमिगत दफनस्थानात प्राचीन ख्रिस्ती लोकांच्या कबरींपाशी रात्री प्रार्थनेत घालवीत. १५४४ साली पेन्टेकॉस्टच्या सणापूर्वी ते असेच प्रार्थनेत असताना अग्नीचा एक गोळा मुखावाटे आपल्या हृदयात उतरल्याचा अनुभव त्यांना आला. तेव्हापासून त्यांचे हृदय इतके धडधडे की जवळ बसलेल्यांनाही ते जाणवे. मृत्यूनंतर वैद्यांनी तपासणी केली, तेव्हा हृदयावरच्या दोन बरगड्या बाहेरच्या बाजूस वाकलेल्या आढळल्या. फिलिप यांच्या आनंदाचा उगम आपण शोधू लागलो, तर तो येथे सापडतो. केवळ मनमिळाऊ स्वभावातून हा आनंद आलेला नव्हता. पवित्र आत्म्याने पेटवलेल्या प्रीतीचे ते फळ होते.

१५४८ साली आपले आध्यात्मिक गुरू फादर पेर्सियानो रोझा यांच्यासह त्यांनी यात्रेकरू व आजारातून उठलेले दुर्बल लोक यांच्या सेवेसाठी पवित्र त्रैक्याच्या नावाने एक बंधुमंडळ स्थापन केले. १५५० च्या पवित्र वर्षात रोमला आलेल्या असंख्य थकल्याभागल्या यात्रेकरूंचे पाय या मंडळाच्या सदस्यांनी धुतले व त्यांना जेवण आणि निवारा दिला. येथे आपण एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. हे सारे घडले तेव्हा फिलिप धर्मगुरू नव्हते. वयाच्या पस्तिशीपर्यंत ते आपल्यासारखेच प्रापंचिक होते.

सान जिरोलामोची खोली

धर्मगुरुपदास आपण पात्र नाही, असे फिलिप यांना मनापासून वाटे. परंतु फादर रोझा यांनी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी आज्ञा मानली आणि २३ मे १५५१ रोजी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. सान जिरोलामो येथे ते राहू लागले. पहाटेपासून ते प्रायश्चित्त संस्कारासाठी बसत. धाक दाखविण्याऐवजी ते पश्चात्तापी माणसाला जवळ घेत, त्याचे ओझे हलके करीत व छोटेसेच पण रोज पाळण्याजोगे प्रायश्चित्त देत. कितीतरी वर्षे देऊळ न पाहिलेली माणसे त्यांच्याकडे येऊ लागली.

दुपारी हीच माणसे त्यांच्या खोलीत जमत. आध्यात्मिक ग्रंथाचे वाचन होई, त्यावर साध्या बोलीत चर्चा होई, प्रापंचिकही उठून बोलत, भक्तिगीते गायिली जात. खोली अपुरी पडू लागली, तेव्हा ख्रिस्तमंदिराच्या माळ्यावर जागा करण्यात आली. प्रार्थनेच्या या जागेवरून त्या मेळाव्याला ओरेटरी हे नाव मिळाले. प्रसिद्ध संगीतकार जोव्हान्नी आनिमुच्चा यांनी या मेळाव्यांसाठी गीतांना संगीत दिले. पाश्चात्त्य संगीतातील ओरातोरिओ हा प्रकार आपले नाव याच ओरेटरीवरून घेऊन जगभर गेला.

भारताची ओढ

याच खोलीत आपल्या देशाचेही नाव घेतले जाई. संत फ्रान्सिस झेवियर व इतर येशूसंघीय मिशनऱ्यांनी पूर्वेकडून पाठविलेली पत्रे तेथे वाचली जात. ती ऐकून फिलिप यांचे मन पेटून उठे. आपणही भारतात जावे, सुवार्तेसाठी प्राण वेचावेत, असा निर्धार त्यांनी १५५७ च्या सुमारास काही सोबत्यांसह केला. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी त्रे फोन्ताने येथील मठातील एका साधुवृत्तीच्या मठवाशाचा सल्ला घेतला. उत्तर मिळाले ते असे, की फिलिप यांचा भारत रोममध्येच आहे.

मोठे स्वप्न सोडून देणे कोणालाही सोपे नसते. फिलिप यांनी मात्र ते उत्तर देवाची इच्छा म्हणून स्वीकारले आणि निराश न होता आपल्या रोजच्या कामावर परतले. ज्या गल्लीबोळांतून ते वर्षानुवर्षे चालत होते, तेच आता त्यांचे मिशनक्षेत्र ठरले.

आनंदावर संशय

उपवासकाळापूर्वी रोममध्ये कार्निव्हलचा धुमाकूळ चाले. त्याविरुद्ध गर्जना करण्यापेक्षा फिलिप यांनी लोकांना अधिक सुंदर आनंद देऊ केला. ते तरुणांना घेऊन सात ख्रिस्तमंदिरांच्या पदयात्रेला निघत. वाटेत गीते, मिस्सा, प्रवचन आणि दुपारी एखाद्या मळ्यात गवतावर बसून पाव, अंडी, चीज व द्राक्षारस यांचे सहभोजन होई. आरंभी मूठभर असलेले यात्रेकरू पुढे हजारोंच्या संख्येने येऊ लागले.

हा आनंद काहींच्या डोळ्यांत खुपला. हा धर्मगुरू स्वतःचा पंथ काढतो आहे, मोठेपणासाठी गर्दी जमवतो आहे, अशा तक्रारी झाल्या. १५५९ साली चौकशी झाली आणि काही काळ त्यांना प्रायश्चित्त संस्कार देण्यास व यात्रा काढण्यास बंदी करण्यात आली. ज्या कामासाठी ते जगत होते तेच त्यांच्याकडून काढून घेतले गेले. फिलिप यांनी निमूटपणे आज्ञा पाळली, कोणाविषयी कटू शब्द उच्चारला नाही आणि सोबत्यांनाही उच्चारू दिला नाही. काही दिवसांतच ते निर्दोष ठरले व बंदी उठली. अनुकूल दिवसांत हसणे कोणालाही जमते. अपमानाच्या दिवसांत ज्याचे मन कडवट होत नाही, त्याचा आनंद खरा.

विनोदामागची नम्रता

लोक आपल्याला संत मानू लागले आहेत, हे फिलिप यांच्या ध्यानी आले होते. त्यावर त्यांनी विनोदाचा उपाय काढला. कधी ते अर्धीच दाढी करून बाहेर पडत, तर कधी कपडे उलटे घालून फिरत. परदेशी सरदार त्यांच्या दर्शनाला आले असता त्यांनी चक्क विनोदाचे पुस्तक मोठ्याने वाचून घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मिस्सा अर्पण करताना ते इतके समाधिमग्न होत की, भान राहावे म्हणून आधी हलकेफुलके काही वाचून घ्यावे लागे. दररोज सकाळी ते प्रभूला विनवीत, की आज माझ्यावर लक्ष ठेव, नाही तर मी तुझा विश्वासघात करीन. इतका अट्टहास न करणारी नम्रता असल्यामुळेच त्यांचा विनोद कोणाला बोचत नसे.

त्यांच्या तालमीत मोठी माणसे घडली. सीझर बारोनियस या विद्वान शिष्याला त्यांनी स्वयंपाकघरात राबवून नम्रता शिकविली आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासावर वर्षानुवर्षे व्याख्याने द्यायला लावली. त्यातूनच ख्रिस्तसभेच्या इतिहासाचा महाग्रंथ निर्माण झाला. त्याचा पहिला खंड १५८८ साली प्रसिद्ध झाला. सान जिरोलामोसमोरील इंग्लिश कॉलेजमधील विद्यार्थी मायदेशी परतून श्रद्धेसाठी मरण पत्करणार आहेत, हे जाणून फिलिप त्यांना रस्त्यात आदराने वंदन करीत. मुले त्यांच्या खोलीबाहेर गोंगाट करीत, तेव्हा इतरांना त्रास होई, फिलिप यांना नव्हे; मुले पापापासून दूर आहेत, एवढे त्यांना पुरेसे होते.

१५७५ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी ओरेटरीच्या धर्मगुरूंच्या संघाला मान्यता दिली व वाल्लिचेल्ला येथील पवित्र मरियेचे मंदिर त्यांच्या स्वाधीन केले. तेथे नवे भव्य मंदिर उभारण्यात आले. कार्डिनलपदाची वस्त्रे मात्र फिलिप यांनी हसत नाकारली. २५ मे १५९५ रोजी, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या दिवशी, त्यांनी नेहमीप्रमाणे मिस्सा अर्पण केली, दिवसभर लोकांना प्रायश्चित्त संस्कार दिला, आणि मध्यरात्र उलटल्यावर वयाच्या ७९व्या वर्षी शांतपणे देह ठेवला.

गोव्यापर्यंत पोहोचलेला आनंद

१२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी फिलिप नेरी यांना संतपद बहाल केले. त्याच दिवशी, त्याच सोहळ्यात संत फ्रान्सिस झेवियर यांनाही संत म्हणून घोषित करण्यात आले. भारतात पोहोचलेला मिशनरी आणि भारताची ओढ मनात ठेवून रोममध्ये राहिलेला धर्मगुरू, दोघांनाही ख्रिस्तसभेने एकाच वेदीवर मान दिला.

आणि पुढे फिलिप खरोखरच भारतात आले. १६८५ साली बाणावलीचे सुपुत्र फादर जुझे वाझ जुन्या गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंच्या एका लहान समूहात सामील झाले, आणि या समूहाने संत फिलिप यांच्या ओरेटरीची जीवनपद्धती स्वीकारली. येथूनच फादर वाझ १६८७ साली भिकाऱ्याच्या वेषात श्रीलंकेत गेले आणि छळाने पोळलेल्या तेथील ख्रिस्ती लोकांना त्यांनी नवे बळ दिले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले. रोममध्ये थांबलेल्या माणसाचे स्वप्न देवाने अशा वाटेने पूर्ण केले.

पावित्र्यावरील आपल्या २०१८ सालच्या प्रेषितीय उपदेशपत्रात पोप फ्रान्सिस यांनी आनंदी संतांची उदाहरणे देताना फिलिप नेरी यांचे नाव घेतले आहे. ते आपण का लक्षात ठेवायचे? आपण निरनिराळ्या धर्मांच्या शेजाऱ्यांमध्ये राहतो. त्यांपैकी फार थोडे लोक बायबल उघडतील. पण रविवारी मिस्साहून परतणारे आपले चेहरे ते सगळेच पाहतात. आपण देवळातून कुरकुरत, धर्मग्रामातील भांडणे उगाळत बाहेर पडलो, तर आपली तरुण मुले कोणत्या आनंदासाठी आत येतील? आपल्यापैकी बहुतेकांना दूर देशी मिशनकार्याला जाता येणार नाही. आपला भारत आपल्या घरात, चाळीत, लोकलच्या डब्यात, कचेरीत आहे. आजाऱ्याची विचारपूस, रागावलेल्या माणसाशी आपणहून बोललेला पहिला शब्द, अपमान गिळून राखलेला गोडवा, एवढ्यानेही साक्ष सुरू होते.

ज्या पवित्र आत्म्याने संत फिलिप यांचे हृदय विशाल केले, तोच आत्मा बाप्तिस्म्याने व दृढीकरणाने आपल्यालाही मिळाला आहे. त्या आत्म्याचा आनंद आपल्या चेहऱ्यावर उमटू देण्याची कृपा प्रभू येशू आपणा सर्वांना देवो, आणि संत फिलिप नेरी आपल्यासाठी विनंती करोत.